चार पोस्टकार्डांवरची गाडी

‘तू बरोबर जा रे त्याच्या. तू असलास की गाडी जरा बेतानं चालवतो,’ असं ताईनं फोनवर सांगितलं आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक पाहायला चेन्नईला निघालो. ही गोष्ट २०२३ च्या ऑक्टोबरातली. भाचा हिंजवडीत नोकरी करतो. पहिल्या दोन-तीन वर्षांच्या पगारातून त्यानं एक छोटी पण चपळ गाडी घेतली. त्याच गाडीनं तो रोज ऑफिसला जातो, आईला मंडईत नेतो, दिवाळीत सगळ्यांना कोकणात घेऊन जातो. आणि वर्षातून एकदा-दोनदा तीच गाडी ट्रॅकवर पळवायची त्याची हौस. त्याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. शर्यत नसते, बक्षीस नसतं. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं, आपलीच गाडी घेऊन ठरलेली पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या वळणांवर चालवायची, की पुढच्याची पाळी.

गंमत अशी, की पुण्याच्या वेशीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुढं सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळुरू, वेल्लोर करत थेट श्रीपेरुंबुदूरला पोचतो, आणि तिथून थोड्याच अंतरावर इरुंगट्टुकोट्टई इथं, ज्याला आधी मद्रास मोटार रेस ट्रॅक म्हणत, तो ट्रॅक आहे. बाराएकशे किलोमीटर, पण रस्ता एकच. पूर्वी मद्रासच्या शर्यती शोळावरमच्या युद्धकाळातल्या जुन्या धावपट्टीवर होत. मद्रास मोटार स्पोर्ट्स क्लबनं हा नवा ट्रॅक १९९० मध्ये सुरू केला. एक फेरा सुमारे पावणेचार किलोमीटरचा. तेव्हा प्रश्न असा होता, की बाराशे किलोमीटर जायचं, ट्रॅकवर तासभर पळायचं आणि पुन्हा बाराशे किलोमीटर घरी यायचं, तर गाडीला टायर कुठले हवेत?

भाच्यानं तो प्रश्न निघण्याआधी चार महिने सोडवला होता. त्यानं ‘सेमी-स्लिक’ जातीचे टायर बसवून घेतले होते. नक्षी कमी, रबर मऊ, दिसायला झोकदार. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, हा रोडला पण चालतो, ट्रॅकला पण.’ त्यात खोटं काही नव्हतं. टायर रस्त्यावर कायदेशीर होता, कडेवर सगळे शिक्के होते. आणि मी, ज्यानं पॉलिटेक्निकमध्ये तीस वर्षं पोरांना घर्षण शिकवलं, त्या टायरांवर हात फिरवून ‘वा, छान आहेत’ म्हणून मोकळा झालो.

मोटारीबद्दल माणसं बोलतात ती इंजिनाबद्दल, मायलेजबद्दल, हल्ली तर पडद्याच्या आकाराबद्दल. पण गाडी जमिनीला टेकते ती फक्त टायरनं, आणि तीही किती? हिशेब सोपा आहे. आपली गाडी अकराशे किलोची धरा. चार चाकांवर वाटली तर प्रत्येकी पावणेतीनशे किलो. टायरमध्ये हवा बत्तीस, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. भागाकार केला तर उत्तर येतं १२२ चौरस सेंटिमीटर. आपलं पोस्टाचं साधं पोस्टकार्ड साधारण एवढंच असतं. म्हणजे चार माणसं, त्यांच्या बॅगा आणि लोखंडाचा तो डोलारा, हे सगळं चार पोस्टकार्डांवर उभं असतं. वेग वाढवायचा, वळायचं, थांबायचं, जे काय करायचं ते तेवढ्याच जागेतून.

आणि या पोस्टकार्डाची ऐपत ठरलेली असते. पगारासारखी. सगळा पगार ब्रेकवर खर्च केला तर वळायला काही उरत नाही. सगळा वळण्यात घातला तर ब्रेक दाबताच उधारी सुरू होते आणि गाडी घसरते. महिन्याच्या तीस तारखेला जे घरात होतं तेच वळणावर होतं. चांगला टायर म्हणजे थोडा जास्त पगार, बस. पण हा पगार कोरड्यात किती, ओल्यात किती, थंड असताना किती आणि तापल्यावर किती, हे प्रत्येक टायरचं वेगळं असतं. टायर निवडायचा म्हणजे ही चारी खाती पाहून निवडायचा. आपण बहुतेक वेळा एकच पाहतो.

रबराचं म्हणाल तर शाळेतला खोडरबर आठवा. मऊ खोडरबर कागदाला घट्ट चिकटतो, सुंदर खोडतो आणि पंधरा दिवसांत संपतो. कडक असतो तो वर्षभर पुरतो, पण घसरतो आणि कागद काळा करतो. टायरचं तसंच. अमेरिकेत सरकारच्या नियमानं टायरच्या कडेवर ‘ट्रेडवेअर’ असा आकडा छापावा लागतो, आणि आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक टायरांवरही तो असतो. प्रमाण मानलेल्या टायरचा आकडा १००. ज्याचा ४०० तो चाचणीत त्याच्या चौपट टिकला. ही चाचणी टेक्सासमधल्या साध्या रस्त्यांवर, गाड्यांचा तांडा करून, ७,२०० मैल चालवून होते. मात्र आकडा कंपनी स्वतःच ठरवून छापते, त्यामुळं एका कंपनीचा ३०० आणि दुसरीचा ३०० यांची तुलना जपून करावी. ढोबळ मानानं २०० आणि त्याखालचे ट्रॅककडं झुकलेले, ३०० च्या आसपासचे रस्त्यावरचे पण तडफदार, आणि ४०० च्या वरचे संसारी. भाच्याच्या टायरांवर १८० होता.

पहाटे चारला पुण्याहून निघालो. कात्रजचा नवा बोगदा, खंबाटकी, कराड, कोल्हापूर. कोरड्या रस्त्यावर गाडी खरोखर रुळावर असल्यासारखी चालत होती. टायरचा आवाज मात्र घूं घूं असा सारखा, आणि सांध्यांवर धक्का अंगावर यायचा. बंगळुरूला मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी श्रीपेरुंबुदूर. रविवारी सकाळी सात वाजता ट्रॅकच्या फाटकाशी वीस-पंचवीस गाड्या. एखाद-दुसरी महागडी परदेशी सोडली तर सगळ्या आपल्यासारख्याच, मागच्या काचेवर लहान मुलाच्या शाळेचा स्टिकर असलेल्यासुद्धा.

ट्रॅकवर टायरचं काय होतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. पंधरा मिनिटांनी गाडी आत आली, मी टायरला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. भाच्यानं हवा मोजली. सकाळी थंड असताना ३२ होती, आता ३८! यात जादू काही नाही. बंदिस्त हवा तीस अंशांवरून सत्तर अंशांवर गेली की गणितानं एवढीच वाढते. पण हवा वाढली की टायर फुगतो, मधोमध टेकतो, पोस्टकार्ड आणखी लहान होतं. म्हणून ट्रॅकवरची माणसं तापलेल्या टायरमधली हवा थोडी सोडतात. आम्हीही सोडली. चारी चाकांत ३४ केली. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. आम्ही ठेवलं नाही.

दुसरी गोष्ट पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा. रस्त्यावरच्या गाडीची चाकं जवळजवळ सरळ उभी ठेवलेली असतात, म्हणजे टायर सगळीकडून सारखा झिजतो. ट्रॅकच्या वळणावर गाडी कलली की सगळा भार बाहेरच्या पुढच्या चाकावर, तोही त्याच्या बाहेरच्या कडेवर येतो. तिथलं रबर किसणीवर किसल्यासारखं निघतं. चाकांना वरच्या बाजूनं आत कल दिला तर ट्रॅकवर हे थांबतं, पण मग रोजच्या रस्त्यावर आतली कड खाल्ली जाते. दोन दगडांवर पाय ठेवण्याचे जे हाल असतात ते इथूनच सुरू होतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात उद्‌बोधक वाटली. शेजारच्या गाडीचे टायर कोरे, चांगल्या कंपनीचे, रस्त्यावरचे, आठेक मिलिमीटर खोल नक्षीचे. चौथ्या फेऱ्यानंतर त्या नक्षीचे तुकडे उडायला लागले. खोल नक्षीचे उंच ठोकळे वळणावर वाकतात, डुलतात, तापतात आणि फाटतात. म्हणून जुनेजाणते लोक कोरा टायर ट्रॅकवर नेत नाहीत. शर्यतीतली मंडळी तर कोरा टायर मुद्दाम तासून नक्षी अर्धी करून घेतात. म्हणजे पाहा, कोरड्या ट्रॅकवर अर्धा झिजलेला टायर कोऱ्यापेक्षा सरस ठरतो. गोटा झालेला तर आणखी चिकटतो. आपण घरी जे शिकलो त्याच्या बरोबर उलट.

दुपारी सावलीत बसलो असताना मला २००५ सालच्या इंडियानापोलिसची आठवण झाली. अमेरिकेतली फॉर्म्युला वन शर्यत. त्या वर्षी नियमच असा होता, की पात्रता फेरी आणि शर्यत एकाच टायरसंचावर करायची. सरावात राल्फ शूमाकरची गाडी शेवटच्या उतरत्या-कललेल्या वळणावर, तेराव्या वळणावर, टायर फाटून भिंतीवर आदळली. मिशेलिन कंपनीनं तपास केला आणि आपल्या संघांना सांगितलं, की त्या वळणावर वेग कमी केला नाही तर आमच्या टायरची खात्री देता येत नाही. तोडगा निघाला नाही. रविवारी वीस गाड्या निघाल्या, एक फेरा मारून मिशेलिनच्या चौदा गाड्या आत वळल्या आणि थांबल्या. ब्रिजस्टोनच्या सहा गाड्यांची शर्यत झाली. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या. त्या सहांत आपला नारायण कार्तिकेयन होता, कोइंबतूरचा, जॉर्डन संघाकडून. तो चौथा आला आणि पाच गुण मिळाले. फॉर्म्युला वनमधले त्याचे तेवढेच गुण. तेव्हा टीव्हीसमोर बसून मीही चौदा गाड्यांना नावं ठेवली होती. आता वाटतं, जगातल्या उत्तमातल्या उत्तम टायरवाल्यांनी, ट्रॅकसाठीच केलेल्या टायरबद्दल, ‘या एका वळणाला तो पुरणार नाही’ असं जाहीर सांगितलं, याला धैर्य लागलं असेल. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, ‘मामा, आपण कुठं तीनशेनं चाललोय!’

सोमवारी परत निघालो. चित्रदुर्गला मुक्काम. मंगळवारी दुपारी संकेश्वर मागं टाकलं आणि परतीच्या पावसानं गाठलं. ज्यांनी तो भाग ऑक्टोबरात पाहिलाय त्यांना सांगायला नको. आधी धुळीचा लोट, मग टपोरे थेंब, मग समोरची गाडी दिसेना. तवंदी घाट अजून पुढं होता. वेग नव्वद. रस्त्याच्या सखल भागात पाणी साचलेलं होतं, मागून-पुढून ट्रक. आणि एकाएकी टायरचा तो चार दिवसांचा घूं घूं आवाज बंद झाला. शांतता. भाच्याच्या हातातलं स्टिअरिंग लोण्यात फिरावं तसं फिरलं. गाडी सरळच चालली होती, चाकं मात्र उजवीकडं वळलेली. मग पाणी संपलं, चाकांनी रस्ता धरला आणि गाडी वळलेल्या चाकांच्या दिशेनं दुभाजकाकडं झेपावली. मागून ट्रकचा भोंगा, एक गरका, आणि आम्ही दुभाजकाच्या कण्हेरीत तोंड घालून थांबलो. ट्रक हातभरावरून गेला. कुणाला खरचटलंही नाही. कण्हेरीची दोन झुडपं मोडली, बंपर फुटला.

पुढं निपाणीला चहाच्या टपरीवर आम्ही अर्धा तास एकमेकांशी बोललो नाही. मग मी नक्षी मोजायचं ते छोटं गेज मागितलं. पुढच्या टायरांवर मधोमध अडीच मिलिमीटर, बाहेरच्या कडेला त्याहून कमी. कायद्याची मर्यादा १.६. म्हणजे मधल्या खाचांत तरी टायर अजून कायदेशीर होता! मग हवा मोजली. सत्तावीस. तेव्हा कुठं ट्रॅकवरची ती सोडलेली हवा आठवली. तापलेल्या टायरमधल्या ३४ म्हणजे गार झाल्यावर २८. परतीला भरून घ्यायची होती, ती राहून गेली. आदल्या दिवशी वेल्लोरला इडली खायला थांबलो होतो, पंप समोरच होता.

पाण्यावर टायर कसा तरंगतो ते मी वर्गात कितीदा फळ्यावर काढलं असेल. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी, टायर १८५ मिलिमीटर रुंद, वेग ताशी ऐंशी. तर त्या एका टायरला दर सेकंदाला बारा लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. एका सेकंदात एक बादली! नक्षीच्या खाचा म्हणजे या पाण्याच्या मोऱ्या. मोरी उथळ झाली की पाणी टायरखालीच तुंबतं, त्याची पाचर होते आणि टायर उचलला जातो. अमेरिकेच्या नासामधल्या हॉर्न आणि ड्रेहर या दोघांनी १९६३ मध्ये विमानांच्या टायरवरून एक साधं सूत्र मांडलं: पाणी नक्षीपेक्षा खोल असेल तर टायर कुठल्या वेगाला तरंगेल ते मुख्यतः त्यातल्या हवेच्या दाबावर, नेमकं म्हणजे दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. मोटारीला ते ढोबळच लागू पडतं, पण करून पाहा. ३२ हवेला उत्तर येतं ताशी ९४ किलोमीटर. २८ ला ८८. आम्ही नव्वदला होतो.

म्हणजे ज्या ज्या गोष्टींनी रविवारी सकाळी गाडी ट्रॅकवर सुरेख चालली, कमी नक्षी, किसलेलं रबर, सोडलेली हवा, त्यांनीच मंगळवारी दुपारी आम्हाला कण्हेरीत घातलं. टायर वाईट नव्हता. तो आमच्या प्रवासाचा नव्हता.

पुण्यात आल्यावर आम्ही दोघांनी बसून नव्यानं निवड केली. आधी ठरवलं ते हे, की गाडी वर्षात पंधरा हजार किलोमीटर चालते, त्यातले ट्रॅकवरचे शंभर-दीडशे. निवड पंधरा हजारांसाठी करायची. म्हणून गाडीला रस्त्यावरचेच टायर घेतले, ट्रेडवेअर ३०० चा, ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी कडेवर ‘ए’ श्रेणी असलेला. या श्रेणीत ‘एए’ सर्वांत वरची, पण आमच्या मापात ती मिळाली नाही. माप कंपनीचंच ठेवलं, १८५/६५ आर १५. रुंद टायरचा मोह भाच्याला होता. पण २०५/५० घेतला असता तर चाकाचा व्यास पावणेसहा टक्क्यांनी कमी, म्हणजे काटा शंभर दाखवणार तेव्हा गाडी चौऱ्याण्णववर. शिवाय रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. मापाशेजारचा ८८ एच हाही नुसता शोभेचा नसतो: ८८ म्हणजे एका टायरनं ५६० किलो पेलायचं, एच म्हणजे ताशी २१० पर्यंत. भार पेलण्याचा आकडा कंपनीनं दिलाय त्याखाली कधीच जाऊ नये, दुकानदार काहीही म्हणो. आणि कडेवर लंबवर्तुळात चार आकडे असतात ते पाहून घ्यावेत. ३२२३ म्हणजे २०२३ सालचा बत्तिसावा आठवडा. कोरा दिसणारा टायर दुकानात तीन वर्षं पडून कडक झालेला असू शकतो.

ट्रॅकचं काय? त्यासाठी जुन्या बाजारातून चार लोखंडी रिमा आणल्या आणि सेमी-स्लिक त्यांच्यावर चढवले. मागची सीट पाडली की चारही चाकं गाडीत मावतात. जॅक, पाना आणि हवेचं मीटर बरोबर. ट्रॅकच्या फाटकात चाकं बदलायची, संध्याकाळी पुन्हा बदलायची. तासाभराचं काम आहे आणि कपडे काळे होतात. ज्याला एवढं करायचं नसेल त्यानं रस्त्याच्याच टायरवर ट्रॅकला जावं, चार सेकंद हळू जावं आणि दोन फेऱ्यांनंतर गाडी गार होऊ द्यावी. शिकणाऱ्याला तर तेच उत्तम, कारण तो टायर घसरण्याआधी किंचाळून सांगतो, सेमी-स्लिक गुपचूप सुटतो. एकच संच मऊ टायरांचा घेऊन दोन्हीकडं फिरायचं, हा पर्याय मात्र आपल्या पावसाच्या देशात मी कुणाला सुचवणार नाही. जाता जाता, गाडीच्या विम्याच्या कागदावर संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांचं नुकसान भरून मिळत नाही असं लिहिलेलं असतं. ट्रॅकवर मोडेल ते आपल्याच खिशातून, असं धरून चालावं.

ती चार चाकं आता ताईच्या गॅलरीत एकावर एक रचून ठेवलेली आहेत. तिनं त्यांवर पाट टाकून गवती चहाची कुंडी ठेवली आहे. परवा गेलो होतो तेव्हा पाणी घालता घालता तिनं विचारलं, ‘काय रे, हे टायर बरे दिसतायत की अजून. चार महिन्यांत काढले कशाला?’

भाच्यानं माझ्याकडं पाहिलं. मी चहात साखर ढवळत होतो. तो बंपरही त्यानं ‘पार्किंगमध्ये लागला’ म्हणून परस्पर बदलून घेतला होता. आज रविवार. तिच्याकडं हा पेपर सातला येतो, आणि पुरवणी ती आधी उघडते.